बाबांचं मृत्युपत्र सापडलं, पण प्रोबेट लागतं का? इंदूरच्या एका घराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: “बाबा जानेवारीत गेले. आई ७४ वर्षांची, इंदूरला रामबागेतल्या घरी धाकट्या भावाजवळ असते. मी लग्नानंतर पुण्यात. बाबांच्या नावावर रामबागेतलं घर, सांवेरकडे थोडी शेती, एका मोठ्या बँकेत नऊ लाखांची ठेव (नॉमिनी भाऊ), एका सहकारी बँकेत साडेतीन लाख (नॉमिनी नाही), थोडे शेअर आणि दादरला आजोबांकडून आलेली सोसायटीतली एक खोली. कपाटात बाबांच्या हातचं मराठी मृत्युपत्र सापडलं, २०१४ सालचं, नोंदणी नाही. साक्षीदार दोन, एक वारले, दुसरे शेजारचे नाना, वय ८४. त्यात लिहिलंय – ‘राहते घर सौ. हिचे हयातीपर्यंत तिचे वहिवाटीस राहावे, तदनंतर मुलांनी समान वाटून घ्यावे. शेती व बँकेतील शिल्लक मुलांनी समान घ्यावी.’ सहकारी बँक प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाचा शिक्का) आणा म्हणते. भाऊ म्हणतो, नॉमिनी मी आहे. पुण्यातले नातेवाईक म्हणतात, वारस दाखला काढा. आईला एका कागदावर सही करायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू?”

ताई, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी आधी तिथेच थांबले. आईला ज्या कागदावर सही करायला सांगितलंय तो कागद काय आहे, हे कळेपर्यंत सही होऊ देऊ नका. त्यासाठी भावाशी भांडायला नको. ‘एकदा वकिलाला दाखवू आणि मग करू’ एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात गेली २६ वर्षं मी मुख्यतः हीच कामं केली आहेत. घर हातचं गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसलेल्या आयांपैकी बऱ्याच जणींनी दुःखाच्या पहिल्या महिन्यातच सही केलेली असते. ‘नाव चढवायला लागतो’ म्हणून समोर आलेला तो कागद प्रत्यक्षात हक त्याग असतो. तुमच्याकडे महाराष्ट्रात त्याला हक्कसोड म्हणतात. घराजमिनीचा हक त्याग नोंदणी केल्याशिवाय पक्का होत नाही, पण एकदा नोंदणी झाली की तो परत फिरवणं फार अवघड.

आणि तुमच्या आईच्या बाबतीत त्या सहीची किंमत दुहेरी आहे. मृत्युपत्र टिकलं तर त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क तिचा आहे. मृत्युपत्र टिकलं नाही, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी हे तिघंही पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे घराचा तिसरा हिस्सा थेट तिच्या मालकीचा. (तुमची आजी हयात असती तर चौथा वाटा तिचाही असता.) हक त्यागाच्या एका सहीने या दोन्ही गोष्टी जातात.

आता मूळ गोंधळाकडे येते. तुमच्या घरात सध्या दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. बाबांचा पैसा बँकेतून, कंपनीतून, दफ्तरातून उचलून आणणार कोण, हा एक प्रश्न. तो पैसा कोणाचा, हा दुसरा. नॉमिनी, नामांतरण (सरकारी दफ्तरात नाव बदलणं), उत्तराधिकार प्रमाणपत्र (येणी आणि रोखे मिळवण्यासाठी न्यायालय देतं तो दाखला) हे सगळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त मृत्युपत्र देतं, आणि ते नसेल तिथे उत्तराधिकाराचा कायदा. माझ्याकडे आलेल्या भावाबहिणींच्या बहुतेक वादांत कुणी लबाड नव्हतं. कुणीतरी पहिल्या प्रश्नाचा कागद हातात घेऊन तो दुसऱ्याचं उत्तर आहे असं मनापासून धरून बसलेलं होतं.

तुमचा भाऊ आज नेमका तिथे उभा आहे. नऊ लाखांची ठेव बँक त्यालाच देणार, आणि तसं करण्यात बँकेची काही चूक नाही. नॉमिनी असला की बँकेने मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद पाहून पैसे मोकळे करायचे असतात. प्रोबेट किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नसतं. पण ते पैसे त्याच्या हातात येतात ते सगळ्या हक्कदारांच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबद्दल १९८३ मध्ये सांगितलं, बँकेच्या ठेवींबद्दल २०१० मध्ये, आणि शेअर व म्युच्युअल फंडांबद्दल १४ डिसेंबर २०२३ रोजी. अपवाद एक लक्षात ठेवा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे ती रक्कम त्यांची स्वतःची होते. बाबांची एखादी पॉलिसी निघाली आणि तिच्यावर भावाचंच नाव असेल, तर तिथे वाटा मागण्याआधी वकिलाला विचारा. ठेवीत मात्र मृत्युपत्राप्रमाणे अर्धा वाटा तुमचा आहे.

अर्धा का, हे सांगण्यासाठी त्या मृत्युपत्राच्या एका शब्दापाशी थोडं थांबते. तुमच्या सगळ्या प्रकरणात मला हाच शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इंदूरच्या न्यायालयाचं काम हिंदीत चालतं. मृत्युपत्र न्यायालयाच्या भाषेत नसेल तर अर्जासोबत त्याचा भाषांतरित उतारा लावावा लागतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २७७ मध्येच ते आहे. आपल्या रामबाग, लोकमान्य नगर, स्नेहलतागंजच्या घरांतून आजही मराठीत लिहिलेली मृत्युपत्रं निघतात आणि त्यांचं हिंदी कुणीतरी टायपिस्ट घाईघाईत करून देतो. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. वडिलांनी लिहिलं होतं ‘सर्व मुलांना समान’. हिंदीत झालं ‘सभी पुत्रों को समान’. दोन मुलगे, एक मुलगी. मराठीत ‘मुलांना’ म्हणताना वडिलांच्या मनात तिघंही असू शकतात. हिंदीतल्या ‘पुत्रों’मध्ये मुलगी उरतच नाही. त्या भाषांतराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मुलगी आली तेव्हा साक्षी नोंदवून झाल्या होत्या. मूळ कागद पुन्हा वाचला जावा, त्याचा मराठी अर्थ न्यायालयापुढे यावा, यासाठी आम्हाला दोन वर्षं लागली. वडिलांनी त्याच मृत्युपत्रात वर एके ठिकाणी ‘तिन्ही मुलांची शिक्षणे झाली’ असं लिहिलं होतं, म्हणून तिचा वाटा वाचला. मृत्युपत्राचा अर्थ संपूर्ण मजकूर एकत्र वाचून लावायचा, हा नियम तिच्या उपयोगी पडला.

तुमच्या बाबांच्या ओळी मी चार वेळा वाचल्या. त्यांना मुलगा एकच. मग ‘मुलांनी समान वाटून घ्यावे’ याचा अर्थ फक्त मुलगा कसा होईल? एकट्याने कोणाशी समान वाटायचं? इथे ‘मुलांनी’ म्हणजे तुम्ही दोघं, याबद्दल मला शंका नाही. तरीही भाषांतर ‘संतानों’ असंच झालं पाहिजे आणि ते मराठी व हिंदी दोन्ही नीट येणाऱ्या माणसाने केलं पाहिजे. सही करण्याआधी तुम्ही स्वतः ओळ न् ओळ ताडून पाहा. ‘वहिवाटीस राहावे’ यालाही तसंच जपा. बाबांनी आईला तिथे राहण्याचा आणि घर वापरण्याचा हक्क दिला आहे, विकण्याचा नाही. हिंदीत कुणी नुसतं ‘पत्नी को दिया’ करून ठेवलं तर उद्या वेगळाच वाद उभा राहील.

आता प्रोबेट. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे, ते करणाऱ्याने शुद्धीत आणि स्वखुशीने केलं आहे, असा न्यायालयाचा शिक्का. घर कोणाचं, शेत कोणाचं, याचा निवाडा त्यात होत नाही. आणि प्रोबेट फक्त एक्झिक्युटरला मिळतं, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला ज्याला नेमलंय त्याला, मग ते स्पष्ट शब्दांत असो की मजकुरावरून उघड होत असो. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात बाबांनी कुणालाच नेमलेलं दिसत नाही. म्हणजे बँक जो कागद मागते आहे तो तुम्हाला मिळूच शकत नाही. तुमच्यासाठी त्याच्या जागी ‘मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ असतं. न्यायालय तेच, कार्यपद्धती जवळपास तीच, नाव वेगळं. बँकेच्या खिडकीवर हा फरक माहीत नसतो आणि माणसं महिनोन्महिने चुकीचा कागद शोधत हिंडतात.

ते तरी सक्तीचं आहे का? इंदूरमधल्या हिंदू माणसाच्या इंदूरमधल्या मालमत्तेसाठी ते कधीच सक्तीचं नव्हतं. ही सक्ती जुन्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलुखापुरती आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती (म्हणजे मुख्यतः त्या शहरांपुरती) होती. तिथे केलेली मृत्युपत्रं आणि तिथली स्थावर मालमत्ता, एवढाच तिचा आवाका. आपण होळकरांच्या राज्यातले. इथे ती लागू नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या त्याच कायद्यातल्या ज्या कलमातून ही सक्ती येत होती ते कलम २१३ सुद्धा वगळलं. म्हणजे आता मुंबईतही प्रोबेट घेण्याची वाट मोकळी आहे, पण सक्ती नाही. मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्या जुन्या सवयीने ते मागत असतील, तर त्यांच्यापुढे हा बदल लेखी ठेवा.

इतकं सांगूनही माझा सल्ला असा की तुम्ही न्यायालयात अर्ज करावा. कारण आहेत नाना.

मृत्युपत्रावर नोंदणीचा शिक्का नाही, यात बिघडत काही नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिकच असते. पण ते सिद्ध करायला सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी किमान एकाने, तो हयात असेल आणि साक्ष देऊ शकत असेल तर, न्यायालयात येऊन सांगावं लागतं. बाबांनी माझ्यासमोर सही केली, किंवा ही माझी सही आहे असं मला सांगितलं, आणि मग मी त्यांच्यासमोर सही केली, असं त्याला सांगावं लागतं. ही अट पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. आज हे सांगू शकणारा एकच माणूस उरला आहे आणि तो ८४ वर्षांचा आहे. दोन्ही साक्षीदार गेल्यावरही कायद्यात वाट आहे. एका साक्षीदाराचं आणि मृत्युपत्र करणाऱ्याचं हस्ताक्षर ओळखणारी माणसं आणून ते सिद्ध करता येतं. पण ती वाट खडतर आहे. आज घरात गोडी आहे म्हणून मृत्युपत्र नुसतं कपाटात ठेवलं, आणि दहा वर्षांनी पुढच्या पिढीत कुणी शंका काढली, तर तेव्हा नाना नसतील. न्यायालयाने एकदा मृत्युपत्र मान्य केलं की तो निर्णय फक्त तुम्हा भावंडांपुरता राहत नाही, सगळ्या जगावर बंधनकारक होतो.

म्हणून अर्ज दाखल होताच नानांची साक्ष सगळ्यांच्या आधी नोंदवावी, असा अर्ज वकिलाला द्यायला सांगा. वय आणि तब्येत पाहून न्यायालय तशी परवानगी देतं. तोवर त्यांचं शपथपत्र करून ठेवायला हरकत नाही, पण शपथपत्र ही न्यायालयातली साक्ष नव्हे. नानांना काय बोलायचं ते शिकवू मात्र नका. त्यांना आठवेल तेवढंच त्यांनी सांगावं. २०१४ साली कोणत्या खोलीत बसलो होतो, बाबांनी कोणता चष्मा लावला होता, असल्या बारीक आठवणींनी मृत्युपत्र टिकतं. आणि ‘अमुक म्हणा’ असं पढवल्याचं उलटतपासणीत उघडं पडलं, तर खरं मृत्युपत्रसुद्धा संशयास्पद ठरतं.

अर्ज इंदूरच्या जिल्हा न्यायाधीशांसमोर होईल, कारण बाबा इथे राहत होते. त्यात सगळ्या वारसांची नावं, मालमत्तेची यादी, मूळ मृत्युपत्र आणि भाषांतर लागतं. आई आणि भावाला नोटीस जाईल, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येईल. दोघांनीही अनापत्तीचं (ना हरकतीचं) शपथपत्र दिलं आणि बाहेरच्या कुणी हरकत घेतली नाही, तर काही महिन्यांत काम होतं. कुणी कॅव्हिएट (हरकतीची नोंद) टाकलं तर हाच अर्ज दिवाणी दाव्यासारखा चालतो आणि मग वर्षांचा हिशेब लागत नाही. न्यायालयाचं शुल्क मालमत्तेच्या किमतीवर ठरतं, तेव्हा अर्जाआधीच वकिलाकडून आकडा लिहून घ्या. आणि फार उशीर करू नका. अशा अर्जांना मुदतीच्या कायद्यातली तीन वर्षांची तरतूद लागू होते असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं आहे. ही तीन वर्षं कधीपासून मोजायची यावर वाद होतात. तुम्ही त्या वादात शिरूच नका.

सहकारी बँकेच्या साडेतीन लाखांसाठी मात्र या सगळ्याची वाट पाहायला नको. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. नॉमिनी नसला तरी सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंतचे दावे, वाद नसेल तर, सोप्या कागदपत्रांवर मिटवायचे असं त्यात आहे. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र, आणि जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांची अनापत्ती, मुख्यतः एवढ्यावर काम व्हायला हवं. सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, नाहीतर ठेवीवर विलंबाचं व्याज द्यायचं, हेही त्यात आहे. हे निर्देश अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत होती. बँकेला तोंडी विनवत बसू नका. अर्ज द्या, पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की अर्धी कामं तिथेच होतात, असा माझा अनुभव आहे.

पैसे मिळाल्यावर ते कुणा एकाच्या खात्यात ठेवून विसरू नका. मृत्युपत्राप्रमाणे ते तुम्हा दोघांचे आहेत. तुम्ही दोघं मिळून आईच्या नावावर ठेवणार असाल तर त्याहून चांगलं काय. फक्त तसं ठरल्याचं एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या करा.

आता दादरची खोली आणि शेअर. बाबांच्या ओळी पुन्हा पाहा: घर, शेती, बँकेतली शिल्लक. दादरचं नाव नाही, शेअरचंही नाही. बाबा विसरले असतील, किंवा २०१४ साली ती खोली त्यांच्या नावावर झाली नसेल. मृत्युपत्रात इतरत्र ‘बाकी सर्व’ अशी ओळ नसेल, तर एवढ्या मालमत्तेपुरते बाबा मृत्युपत्राविना गेले असं कायदा मानतो. तिथे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांना सारखा तिसरा हिस्सा. त्यामुळे दादरच्या खोलीसाठी प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. तुमचे पुण्याचे नातेवाईक ज्या वारस दाखल्याबद्दल बोलतात तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा. तो मध्य प्रदेशात चालत नाही, पण दादरच्या खोलीसाठी त्याचा खरोखर उपयोग होऊ शकतो. तेवढ्यापुरता मुंबईतला वकील पाहा. सोसायटीत नॉमिनीचं नाव असेल तर तो तात्पुरता सभासद होईल, मालक नाही. ठेवीचीच गोष्ट इथेही.

पण त्याआधी एक पायरी मागे जा. खोली आजोबांकडून बाबांकडे आली ती कशी? सोसायटीच्या भागपत्रावर आज नाव कोणाचं आहे? आजोबांचं मृत्युपत्र होतं का? नसेल तर आत्या, काका यांनी आपला हिस्सा नोंदणीकृत कागदाने सोडला होता का? ‘सगळ्यांना माहीत होतं की ती खोली तुझ्या बाबांची’ हे मी खूप घरांत ऐकलं आहे. आत्या हयात असतील तर त्यांच्याकडे स्वतः जा, फोनवर उरकू नका. मागच्या पिढीचा न मिटलेला वाटा पुढच्या पिढीत कोर्टात निघतो, आणि तोवर ज्यांना खरं काय ते ठाऊक असतं ती माणसं राहिलेली नसतात.

इथेच दुसरा एक गैरसमजही दूर करते. आजोबांकडून आलेलं म्हणजे ‘वडिलोपार्जित’, म्हणून बाबांना त्याचं मृत्युपत्र करताच येत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. १९५६ नंतर वडिलांच्या मृत्यूनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ खाली मुलाला मिळालेली मालमत्ता ही त्याची स्वतःची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच स्पष्ट केलं आहे. खरी एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः भागीदार झाली आहे, आणि त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायला हवे होते ही अटही २०२० च्या निकालाने काढून टाकली. रामबागेतल्या घराची रजिस्ट्री (नोंदणीचा कागद) काढून पाहा. बाबांनी स्वतः घेतलेलं असेल तर हा प्रश्न तिथे संपला.

शेअर किती आहेत ते डीमॅटच्या पत्रकावरून कळेल. नॉमिनी नसला तरी एका डीमॅट खात्यात पंधरा लाखांपर्यंत सोप्या कागदांवर हस्तांतर होतं. त्याहून जास्त असतील तर जिल्हा न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागेल. घराला किंवा शेतीला हे प्रमाणपत्र चालत नाही. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी आहे. लोक ते काढतात आणि घेऊन तहसिलीत जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सांवेरच्या शेतीकडे आता या. इथे फौती नामांतरण लागेल, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं लावणं. लोकसेवा केंद्रातून किंवा तहसिलीत अर्ज, इश्तिहार (जाहीर सूचना), पटवाऱ्याचा (तलाठ्याचा) अहवाल, मग तहसीलदाराचा आदेश, आणि शेवटी खसरा व बी-१ या जमिनीच्या उताऱ्यांत नावं. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेप्रमाणे भूमिस्वामीचा हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्याने किंवा मृत्युपत्राने पुढे जातो, म्हणून शेतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हे ठासून लिहिते आहे, कारण मी एका गावात पाहिलं की पंचनाम्यात ‘बेटियाँ हक नहीं चाहतीं’ अशी ओळ होती आणि त्या मुलींना कुणी विचारलंच नव्हतं. त्यातली एक देवासला राहत होती, तासाभराच्या अंतरावर. अर्जात तुमचं नाव आणि पुण्याचा पत्ता आहे ना, ते पाहा. नोटीस त्याच पत्त्यावर यायला हवी. आणि नामांतरण झालं म्हणजे मालकी ठरली असं समजू नका. ती नोंद महसुलासाठी असते. मालकीचा वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. घरासाठी निगमात (महानगरपालिकेत) नाव चढवणं हेही तसंच: संपत्तीकराची पावती कोणाच्या नावे निघावी, एवढंच त्याने ठरतं.

काही लहान गोष्टी आहेत, पण नंतर याच फार त्रास देतात. बाबांच्या कार्डाने किंवा फोनवरून आता एक रुपयाही काढू नका, क्रियाकर्माचा खर्च त्यांच्याच पैशातून करायचा असं घरात ठरलं असलं तरीही. त्यांनी भावाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते त्यांच्या मृत्यूबरोबर संपलं. सिमकार्ड मात्र बंद करू नका. विम्याचे हप्ते, एसआयपी, कुठल्या तरी विसरलेल्या बँकेचा संदेश यांचा पत्ता त्यावरच लागतो. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करा. दहा वर्षं हात न लागलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतात. बाबांचं आयकर विवरण वारसाने भरायचं असतं. वारसा मिळाला म्हणून मात्र कर लागत नाही, तो १९८५ मध्येच बंद झाला. बाबांचं कुठलं कर्ज निघालं तर त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच तुमची जबाबदारी, त्यापलीकडे तुमच्या स्वतःच्या पैशाची नाही.

आणि नावं. रजिस्ट्रीत एक नाव, पासबुकात आडनावाचं वेगळं रूप, आधारवर तिसरंच, मृत्यूच्या दाखल्यावर चौथं. इंदूरच्या मराठी घरांत हे हमखास असतं; वडिलांचं नाव मधे लिहायची आपली पद्धत इथल्या फॉर्मवर नीट बसत नाही. दाखल्यातली चूक निगमातून आत्ताच दुरुस्त करून घ्या. बाकीसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र करून ठेवा.

भावाबद्दल तुम्ही फारसं काही लिहिलं नाहीत, पण पत्रात तुम्ही घाबरलेल्या आहात हे जाणवतं. माझ्या अनुभवात, आईजवळ राहणाऱ्या मुलाला बहुधा एकच भीती असते: इतकी वर्षं मी सांभाळलं, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. तुम्हाला मान्य असेल तर त्याला जास्त देता येतं. शेतीतला तुमचा थोडा वाटा, किंवा ठेवीतला. कुटुंबात बसून ठरलेली वाटणी कायदा आदराने पाहतो. आधी तोंडी ठरलेलं नुसतं आठवणीसाठी लिहून ठेवलं तर त्या कागदाला नोंदणी लागत नाही. पण त्याच कागदाने स्थावरात हक्क द्यायचे असतील तर नोंदणी हवी. द्यायचं ते मोजून, समजून, तुमचा वाटा तुमच्या नावावर आहे हे सगळ्यांनी मान्य केल्यानंतर द्या. वाटा मागितला की नातं तुटेल, या भीतीने आधीच सोडून देऊ नका.

आता इंदूरला याल तेव्हा एवढं करा. मूळ मृत्युपत्र टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नका, घरीच कपाटात कुलपात ठेवा. त्यावर आज काहीही लिहू नका, टाचण्या मारू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. दोन्ही बाजूंचे रंगीत फोटो काढून तिघांकडे ठेवा, म्हणजे कुणाच्या मनात किंतु राहणार नाही. बाबांचं त्यानंतरचं दुसरं मृत्युपत्र कुठे नाही ना, हे आईला एकदा विचारा, कारण शेवटचं तेच खरं धरलं जातं. त्यांची २०१४ च्या आसपासची सही असलेले पासबुकाचे, पेन्शनचे कागद वेगळे काढा. मग भावाला सोबत घेऊन नानांकडे जा. बाबा गेल्यावर त्यांना भेटलाही नसाल, तर आधी नुसतं भेटायला म्हणून जा, आणि निघताना त्यांचा फोन नंबर आणि मुलाचा पत्ता लिहून घ्या.